पायीची वहाण

पायीची वहाण पायीच बरी, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. ज्याची पायरी खालची त्याने वर चढू नये, हा तिचा रोखठोक अर्थ. ही म्हण ज्यांनी रूढ केली त्यांना वहाणेविषयी काही सांगावयाचे नव्हते. त्यांचा रोख माणसांवर होता. तरीही वहाणेला आपल्या घरात आणि भाषेत कोणती जागा होती, ते तिच्यावरून चांगले कळते. वहाण उंबऱ्याबाहेर राहावयाची. तिला हात लागला तर तो धुवावयाचा. एखाद्याचा अपमान शब्दांनी पुरा होईना, म्हणजे मग जोड्याचा उल्लेख करावयाचा. ज्या वस्तूवाचून उन्हातान्हात एक कोसही चालवत नाही, तिच्याविषयी एवढी अप्रीती आपण कशी जोपासली, याचे नवल वाटते.

आणि नवलाची दुसरी बाजू अशी की, हीच वस्तू आपण मस्तकीही धरली आहे. भरताने चौदा वर्षे राज्य चालविले ते सिंहासनावर पादुका ठेवून. आषाढी वारीत आळंदीहून आणि देहूहून पालख्या निघतात, त्यांत विराजमान असतात त्या पादुकाच. मात्र हा मान पादुकांचा स्वतःचा नव्हे. त्या ज्या पायांच्या, त्या पायांचा तो मान. पादुका घडविणाऱ्या हातांपर्यंत तो कधी पोचला नाही. श्रोतेहो, आजच्या भाषणात मला या हातांविषयीच बोलावयाचे आहे. पण तेथवर जाण्याची वाट मात्र, तुम्हांला आश्चर्य वाटेल, जगातील अत्यंत महागड्या जोड्यांवरून जाते.

नोकरीच्या निमित्ताने माझे वास्तव्य बंगळुरात आहे. या शहरात विठ्ठल मल्ल्या रस्त्यावर यूबी सिटी नावाची एक झगमगती पेठ आहे. परदेशांतील नामांकित पेढ्यांची दालने तेथे आहेत. एरवी आपली दुकाने मालाने खच्चून भरलेली असतात. या दालनांची रीत उलटी. भोवती भरपूर मोकळी जागा सोडून मध्ये एखादाच जोडा मांडलेला, आणि त्याच्यावर दिव्यांचा असा झोत की, देव्हाऱ्यातील मूर्तीची आठवण व्हावी. त्याची किंमत आणि सरकारी नोकराचे मासिक वेतन यांची तुलना करण्याच्या भानगडीत मी पडत नाही. अशा जोड्याची टवाळी करणे सोपे असते. पैशाचा माज, बड्यांचे चोचले, असे दोन शब्द उच्चारले की आपले समाधान होते. परंतु त्या काचेपुढे थांबणारा प्रत्येक माणूस काही श्रीमंतीपुढेच थांबलेला नसतो. उत्तम घडणीची वस्तू पाहिली की डोळे तिच्यावर ठरतात, आणि ठरावेत. सुबक तंबोऱ्यापुढे किंवा घाटदार समईपुढे जर आपण क्षणभर थांबतो, तर जोड्यापुढे का थांबू नये?

जोडा करणे हे वाटते तितके सोपे काम नाही. माणसाच्या एका पावलात सव्वीस हाडे असतात, आणि प्रत्येक पावलागणिक त्याचा आकार पालटतो. टेकताना ते पसरते, उचलताना आवळते, दिवस मावळतीला लागला की किंचित सुजतेही. अंगरखा खांद्यावर लोंबला की झाले. जोड्याला मात्र साऱ्या देहाचा भार वाहून पुन्हा हलके दिसावयाचे असते. म्हणून कुशल मोची आधी पावलाचा लाकडी नमुना तयार करतो. त्याला आपल्याकडे कालबूत म्हणतात. त्या कालबुतावर चामडे ओढून बसविणे, टाचेचा तोल साधणे, टाका दिसू नये आणि उसवूही नये असा घालणे, यांत हाताची अनेक वर्षांची साधना असते.

इटलीतील साल्व्हातोरे फेरागामो याचे उदाहरण या संदर्भात सांगण्यासारखे आहे. १८९८ साली बोनितो नावाच्या एका लहानशा खेड्यात, गरीब शेतकऱ्याच्या घरी तो जन्मला. जोडे करण्याची त्याला लहानपणापासून ओढ. पण त्याच्या खेड्यातही मोच्याचा धंदा हलकाच समजला जाई, आणि मुलाने तो पत्करू नये असे घरच्यांना वाटे. म्हणजे वहाण पायीच बरी मानणारे लोक केवळ आपल्याच देशात होते असे नाही. पुढे तो अमेरिकेत गेला, चित्रपटसृष्टीतील नटनट्यांचे जोडे करू लागला, आणि जोडा सुंदर असूनही पायाला का टोचतो, हे कोडे उलगडावे म्हणून त्याने शरीररचनाशास्त्राचा अभ्यास केला. देहाचा भार पावलाच्या कमानीवर येतो, म्हणून आधार तेथे हवा, हा त्याचा निष्कर्ष. १९२७ मध्ये तो मायदेशी परतला आणि फ्लॉरेन्समध्ये त्याने आपला कारखाना थाटला. १९३५ साली इटलीने ॲबिसिनियावर स्वारी केली, तेव्हा राष्ट्रसंघाने त्या देशावर आर्थिक निर्बंध घातले आणि कमानीला आधार देणारे चांगले पोलाद मिळेनासे झाले. फेरागामो बुचाच्या लाकडाकडे वळला. त्यातून टाचेपासून चवड्यापर्यंत भरीव उतरत येणाऱ्या तळाची जी घडण निघाली, ती पुढे जगभर पसरली. अडचणीतून कल्पना काढणे हा खऱ्या कारागिराचा बाणा. १९६० साली तो वारला, आणि १९९५ पासून त्याच्या जोड्यांचे एक संग्रहालयच फ्लॉरेन्समध्ये आहे.

या कथेतील एका गोष्टीकडे मला तुमचे लक्ष वेधावयाचे आहे. हलक्या समजल्या गेलेल्या धंद्यातील या माणसाचे नाव त्याच्या जोड्यावर आले. नाव आले म्हणून प्रतिष्ठा आली, आणि प्रतिष्ठेपाठोपाठ किंमत आली. नावाचे हे सामर्थ्य केवढे असते! पॅरिसचा ख्रिस्तियाँ लुबुताँ हा आपल्या जोड्यांचे तळवे लाल रंगवितो. नखे रंगविण्याचा लाल रंग एकदा सहज हाताशी होता, तो त्याने तळव्याला फासून पाहिला, अशी या लाल रंगाची जन्मकथा आहे. त्या लाल तळव्यावरून पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि २०१२ साली अमेरिकेतील अपील न्यायालयाने असा निवाडा दिला की, जोड्याचा वरचा भाग वेगळ्या रंगाचा असेल, तर त्या लाल तळव्यावरील लुबुताँचा हक्क ग्राह्य आहे. एका माणसाच्या जोड्याच्या तळव्याच्या रंगालासुद्धा कायद्याचे कवच मिळू शकते, हे ध्यानात ठेवून आता आपण आपल्या घरच्या वहाणेकडे वळू.

कोल्हापुरी चप्पल कोणी पाहिली नाही असा मराठी माणूस विरळा. करकर वाजणारी वहाण, डोक्याला फेटा आणि मिशीला पीळ, हे एकेकाळी रुबाबाचे लक्षणच होते. पण ती होते कशी, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. कातडे प्रथम चुन्याच्या पाण्यात भिजवून त्याचे केस काढतात. मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या काढ्यात ते मुरते. जुन्या पद्धतीत कातड्याचीच पिशवी शिवून ती टांगून ठेवीत, आणि तिच्यात हा काढा भरीत. तो हळूहळू कातड्याच्या अंगात उतरे. सालीतील तुरट द्रव्य कातड्याच्या तंतूंना धरून ठेवते, म्हणून ते कुजत नाही. या कामाला दिवसांमागून दिवस लागतात आणि त्याचा वास सोसावा लागतो. मग तळासाठी म्हशीचे जाड कातडे रापीने कापावयाचे, थरावर थर बसवावयाचे, ठोकावयाचे, आणि कातड्याच्याच वादीने शिवावयाचे. अस्सल जोड्यात लोखंडाचा खिळा नसतो. तळाच्या दोन्ही बाजूंनी जे पंख वर येतात त्यांना कान म्हणतात. त्यांना जोडणारा पट्टा, अंगठ्याचे वेटोळे, बारीक चामड्याची वेणी आणि वर गोंडा. कापणे आणि तळ शिवणे हे बहुधा पुरुषांचे काम, तर वेणी गुंफणे आणि नक्षी करणे हे स्त्रियांचे. नवी वहाण पहिले काही दिवस पायाला चावते. मग तेल पीत, घाम शोषीत ती हळूहळू धन्याच्या पावलाचा आकार घेते. युरोपातील मोची कालबूत करून जे आधी साधतो, ते ही वहाण पायात राहून साधते. पाऊलच तिचे कालबूत!

या वहाणेचे नाव कोल्हापुरी असले तरी तिचा संसार कोल्हापुरापुरता नाही. कागल तालुक्यातील कापशी गावाने आपले नाव तिच्या एका घाटाला दिले आहे. निपाणीत ती होते, मिरजेकडे होते, आणि बेळगाव जिल्ह्यातील अथणी हे तर तिचे मोठेच माहेर. कामानिमित्त त्या भागात जाण्याचा योग आला तेव्हा मी पाहिले, की एकाच अंगणात हिशेब कानडीत चालला आहे आणि गप्पा मराठीत, आणि दोन्हींचा ताल हातोडीच्या ठोक्याशी जमलेला आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, मुंबई राज्यातील बेळगाव, विजापूर आणि धारवाड हे जिल्हे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले, आणि त्यावरून उठलेला वाद तुम्हांआम्हांला ठाऊकच आहे. त्या वादात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. एवढेच सांगतो की, वहाणेने ती रेघ कधी मानली नाही. पुढे सरकारलाही ते मान्य करावे लागले. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाल्याचे २०१९ मध्ये जाहीर झाले. ते दोन्ही राज्यांना मिळून आहे. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर हे चार जिल्हे, आणि कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट, धारवाड आणि विजापूर हे चार. या मानांकनाचे धनीही दोन: मुंबईचे संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि आमच्या बंगळुरातील डॉ. बाबू जगजीवनराम चर्मोद्योग विकास महामंडळ, ज्याला येथे सारे लिडकर म्हणून ओळखतात. ज्यांच्या सीमा जुळत नाहीत त्यांच्या सह्या एका चपलेखाली जुळल्या, ही गोष्ट लहान नाही.

आणि मग २०२५ चा जून महिना उजाडला. इटलीतील मिलान शहरी प्राडा या पेढीने पुरुषांच्या पोशाखांचे प्रदर्शन भरविले. ही पेढी १९१३ मध्ये चामड्याच्या वस्तूंच्या दुकानातूनच उभी राहिलेली. त्या प्रदर्शनात तरुण पुरुष जी पायताणे घालून चालले, ती पाहताच इकडे कोल्हापुरात आणि अथणीत माणसे चमकली. तोच अंगठा, तेच कान, तीच वेणी! मात्र वर्णन एवढेच, की चामड्याची पायताणे. कोल्हापूरचे नाव नाही, भारताचे नाही. मोठा गदारोळ झाला. महाराष्ट्रातील व्यापाऱ्यांच्या चेंबरने पत्र लिहिले, आणि या पायताणांची प्रेरणा भारतातील पारंपरिक हस्तकलेची आहे असे त्या पेढीने उत्तरादाखल मान्य केले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातही गेले. पण अर्जदार हे मानांकनाचे धनी नसल्यामुळे जुलैमध्ये अर्ज फेटाळण्यात आला.

येथे कायद्याची एक मेख समजून घेतली पाहिजे. भौगोलिक मानांकनाचा आपला कायदा १९९९ चा. तो नावाचे रक्षण करतो. कोल्हापुरी हे नाव या आठ जिल्ह्यांबाहेर केलेल्या चपलेला लावून कोणी विकू लागला, तर त्याला तो अडवतो. पण ज्याने नावच घेतले नाही, केवळ घाट उचलला, त्याचे काय करावयाचे? शिवाय आपल्या कायद्याचा हात आपल्या देशाबाहेर पोचत नाही. लुबुताँच्या तळव्याच्या रंगाला धनी आहे, कारण तो एका माणसाच्या नावावर आहे. कोल्हापुरी वहाणेचा घाट पिढ्यान्‌पिढ्या शेकडो घरांनी घडविला, म्हणून तो कोणाच्याच नावावर नाही. जे सर्वांचे असते ते चटकन बेवारस ठरते, हा या प्रकरणातील खरा धडा.

या कथेला पुढे चांगले वळण लागले, हेही सांगितले पाहिजे. २०२५ च्या डिसेंबरात मुंबईत प्राडाने या दोन्ही महामंडळांशी करार केला. दोन हजार जोड महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारागिरांच्या हातून करून घ्यावयाचे, आणि कारागिरांच्या शिक्षणाचीही सोय करावयाची, असे ठरले. एका जोडाची किंमत सुमारे आठशे युरो, म्हणजे ऐंशी हजार रुपयांच्या घरात असेल, असे तेव्हा जाहीर झाले. हा आकडा ऐकून आपल्यातील पुष्कळांनी कपाळाला हात लावला. मला मात्र वेगळेच वाटले. तीच वहाण आपल्या गावच्या बाजारात हजार रुपयांना मिळत असता आपण तीत शंभर रुपये कमी करा म्हणून हटून बसतो. परक्याने तिची नक्कल केली तेव्हा आपला अभिमान दुखावला. पण त्या आधी कितीतरी वर्षे आपण तिच्या कर्त्याची मजुरी घासाघीस करून उतरवीत आलो, तेव्हा तो अभिमान कोठे होता? परक्या पेढीने नाव सांगितले नाही हा तिचा दोष खराच. पण आपल्यापैकी कितीजणांना आपल्या पायातील वहाण करणाऱ्याचे नाव माहीत आहे?

माझ्या मते हीच या साऱ्या प्रश्नाची गाठ आहे. इटलीत जोडा करणाऱ्याचे नाव जोड्यावर आले. आपल्याकडे जोड्यावर नाव आले ते गावाचे, आणि करणाऱ्याच्या वाट्याला आले ते जातीचे. कसब पाहून कौतुक करावयाचे आणि कसबी माणसाला ओटीवर घ्यावयाचे नाही, असा हा विचित्र व्यवहार. अनेक गावांत तर ज्यांनी वहाणा शिवल्या त्यांनाच वरच्या आळीतून जाताना त्या काढून हातात घ्याव्या लागत. अशा स्थितीत, बापाने मुलाला रापी धरावयास शिकवू नये, त्याने शिकून कचेरीत नोकरी धरावी असे म्हणावे, यात त्याचे काय चुकले? कला टिकली पाहिजे असे आपण व्यासपीठावरून म्हणतो. पण मानहानीसकट ती टिकवावी अशी कोणाकडून अपेक्षा करता येत नाही. म्हणूनच अथणीतील स्त्रियांच्या बचतगटांनी, बंगळुरातील एका संस्थेच्या साह्याने, गेल्या शतकाच्या अखेरीस आपल्या मालाला टोहोल्ड हे स्वतःचे नाव दिले आणि तो परदेशी पाठविला, ही घटना मला मोलाची वाटते. वेणी गुंफणारा हात तेथे प्रथमच मालकीच्या कागदावर उमटला.

कर्नाटकाच्या भूमीतच या विषयाची एक अत्यंत उदात्त कथा आहे. बाराव्या शतकात, आज बिदर जिल्ह्यात असलेल्या कल्याण नगरीत, महात्मा बसवेश्वरांच्या शरणांमध्ये हरळय्या नावाचे चर्मकार होते. एकदा वाटेत भेट झाली तेव्हा हरळय्यांनी 'शरणु' म्हणून वंदन केले. बसवेश्वरांनी उलट 'शरणु शरणार्थी' असे दुप्पट वंदन केले. आपल्याला मिळालेल्या या अधिक मानाचे ऋण कसे फेडावे, या विचाराने व्याकूळ होऊन हरळय्या आणि त्यांची पत्नी कल्याणम्मा यांनी आपल्या मांड्यांचे कातडे काढून बसवेश्वरांसाठी पादत्राणे केली. आपल्या मराठीत, माझ्या कातड्याचे जोडे करून घातले तरी उपकार फिटणार नाहीत, असे आपण सहज बोलून जातो. त्या दांपत्याने ते शब्दशः केले. आणि बसवेश्वरांनी ती पादत्राणे पायांत घातली नाहीत. ती आपल्या मस्तकी धरली आणि म्हणाले, ही घालण्याची योग्यता माझी नाही. पुढे हरळय्यांच्या मुलाचा ब्राह्मण मधुवरसांच्या कन्येशी विवाह झाला, आणि त्या अपराधाबद्दल बिज्जळ राजाने दोघा व्याह्यांना देहान्त शासन दिले, असे शरणपरंपरा सांगते.

श्रोतेहो, जगातील कोणत्याही काचेआडच्या जोड्याला त्या जोड्याची सर येणार नाही. प्रारंभी मी म्हणालो की, पादुकांना मिळणारा मान पायांचा असतो. ही एकच कथा अशी आहे की, जिच्यात तो मान उलट फिरला आणि पायांकडून हातांकडे गेला. सुंदर जोड्याविषयी आपल्याला वाटणारी ओढ मी कमी लेखीत नाही. तिला एवढीच विनंती आहे, की तिने जोड्यापाशी थांबू नये. घडण आवडली तर घडविणाऱ्याची चौकशी करावी, त्याचे नाव विचारावे, त्याचा योग्य दाम त्याच्या हाती पडतो की नाही हे पाहावे, आणि त्याच्या मुलाने रापी हाती घेतली तरी ती अभिमानाने घ्यावी, टाकली तरी दुसऱ्या मार्गाने त्याला उत्कर्ष साधता यावा, अशी समाजाची घडी बसवावी. वहाण पायातच शोभते, हे खरे. तिच्या कर्त्याची जागा मात्र आपल्या बरोबरीच्या बैठकीवर असली पाहिजे, आणि ती त्याला देणे सर्वस्वी आपल्या हाती आहे.